पांढरीची राखण

(पिंपळगाव रेणुकाई, तालुका भोकरदन, जिल्हा जालना येथे ग्रामपंचायत सदस्य, शिक्षक, अधिकारी व ग्रामस्थ यांच्यासमोर केलेल्या भाषणाचा मजकूर.)



मी पुरातत्त्वाचा पंडित नाही. माझे सारे आयुष्य मराठवाड्यातील खेड्यापाड्यांतून शाळा शिकविण्यात गेले. त्यामुळे आज मी जे सांगणार आहे ते ग्रंथातले थोडे आणि गावातले अधिक असणार आहे.

आपल्याकडे गावाचे दोन भाग मानण्याची जुनी रीत आहे. एक काळी आणि दुसरी पांढरी. काळी म्हणजे कसण्याची जमीन आणि पांढरी म्हणजे वस्तीची जागा. काळीची राखण कशी करावी हे आपणांस कोणी शिकवावे लागत नाही. शेजाऱ्याने बांध कोरला तर आपण मोजणी मागवितो. पीक दाण्यावर आले की माळ्यावर राखणदार बसवितो. सातबाऱ्यावर एक अक्षर चुकले तर तलाठ्याकडे दहा खेपा घालतो. आपल्या गावचा मिरचीचा बाजार परगावच्या व्यापाऱ्यांस परिचित आहे. त्या बाजारात आवक किती झाली, भाव काय निघाला, पट्टी कोणाच्या नावे फाडली याची नोंद होते आणि नोंद होते म्हणूनच व्यवहार टिकतो.

पण पांढरीचे काय? तिच्या पोटात काय आहे, तिच्या अंगावर कोणत्या जुन्या वास्तू उभ्या आहेत, कोणती शिळा कोठे पडली आहे, याची नोंद आपणांपैकी किती गावांत आहे? राखणदार तर दूरच राहिला. आज मला एवढ्या एकाच गोष्टीविषयी बोलावयाचे आहे. ऐतिहासिक ठेव्याचे जतन हे गावाचे काम आहे. त्याचा प्रारंभ पैशाने होत नाही, नोंदीने आणि पाळीने होतो.

भोगवर्धनची माणसे

आपले तालुक्याचे ठिकाण भोकरदन हे प्राचीन काळचे भोगवर्धन होय. केळणा नदीच्या काठी वसलेले हे नगर सातवाहन काळात भरभराटीस आले होते. सन १९७३ मध्ये नागपूर विद्यापीठ आणि मराठवाडा विद्यापीठ यांनी मिळून येथे उत्खनन केले. डॉ. शां. भा. देव आणि डॉ. र. श. गुप्ते या विद्वानांनी त्याचा वृत्तान्त लगेच पुढील वर्षी प्रसिद्ध केला. नाणी, मणी, मातीच्या मूर्ती, खापरे अशा नाना वस्तू मातीतून वर आल्या. त्यांतील एका हस्तिदंती स्त्रीमूर्तीने जाणकारांचे लक्ष विशेष वेधून घेतले. कारण तिच्याशी साम्य असलेली एक हस्तिदंती मूर्ती सन १९३८ मध्ये इटलीतील पॉम्पेई येथे सापडलेली होती. पॉम्पेई हे नगर इ. स. ७९ मध्ये ज्वालामुखीच्या राखेखाली गाडले गेले. म्हणजे त्यापूर्वीच ती मूर्ती समुद्रापार पोहोचली होती. ती भोकरदनच्या परिसरात घडली असावी, असे काही अभ्यासकांना वाटते.

ही गोष्ट ऐकून आपली छाती अभिमानाने फुगते. तथापि माझ्या मते याहून मोलाची गोष्ट वेगळी आहे. मध्य प्रदेशातील सांची आणि भारहुत येथील स्तूपांवर दान देणाऱ्यांची नावे कोरलेली आहेत. त्यांत भोगवर्धन येथून आलेल्या दात्यांचाही उल्लेख आढळतो. सांचीचा स्तूप एखाद्या राजाने एकट्याने सजविलेला नाही. भिक्षू, भिक्षुणी, गृहस्थ, गृहिणी, व्यापारी, कारागीर अशा शेकडो लहानथोर माणसांनी एकेक शिळा, एकेक आडवी पट्टी दिली आणि प्रत्येकाचे नाव तेथे नोंदले गेले. दक्षिणेकडील तोरणावरील कोरीव काम विदिशेच्या हस्तिदंत कारागिरांनी केल्याचा लेखही तेथे आहे.

मंडळी, लोकसहभाग हा शब्द शासकीय परिपत्रकांतून आपल्या कानी नेहमी पडतो. तो बाहेरून आणलेला नवा शब्द आहे अशी समजूत करून घेऊ नका. दोन हजार वर्षांपूर्वी याच मुलखातील माणसे शेकडो मैलांवरील वास्तूसाठी आपला वाटा उचलीत होती. आज आपणांस शेकडो मैल जावयाचे नाही. आपल्या वेशीच्या आत पाहावयाचे आहे.

ठेवा नाहीसा कसा होतो

जुन्या वास्तू परचक्राने पडल्या असे आपण सांगतो. काही तशाही पडल्या. परंतु माझ्या डोळ्यांदेखत जे नाहीसे झाले ते शांततेच्या काळात, आपल्याच हातांनी नाहीसे झाले. पांढरीची माती चिकण आणि कसदार असते. धाब्याच्या घरावर टाकण्यास ती चांगली, भिंत लिंपण्यास चांगली आणि रानात खत म्हणूनही चांगली. म्हणून गावोगावच्या पांढरी व गढ्या टोपल्याटोपल्यांनी उकरल्या गेल्या. पूर्वी हे काम कुदळीने होत असे, त्यामुळे एक पिढी लागत असे. आता यंत्र आले आणि तेच काम एका दिवसात होऊ लागले. त्या मातीबरोबर खापरे, मणी, नाणी, विटांच्या भिंतींचे माग, सारे शेतात पसरते आणि त्याचा अर्थ कायमचा पुसला जातो. उत्खनन करणारा अभ्यासक थरावरून काळ ओळखतो. थर विस्कटला की वस्तू हाती येते, पण तिची हकीकत हाती येत नाही.

दुसरा प्रकार दगडांचा. वीरगळ, सतीशिळा, भंगलेल्या मूर्ती, मंदिराचे निखळलेले खांब हे पाराखाली, ओढ्याच्या काठी, मारुतीच्या देवळामागे पडलेले असतात. रस्त्याची मोरी बांधताना किंवा शाळेची संरक्षक भिंत घालताना ते पायात जातात. हे कोणी दुष्टपणाने करीत नाही. दगड जवळ असतो, तो कोणाचाच नसतो आणि काम लवकर उरकावयाचे असते.

तिसरा प्रकार चोरीचा. आपल्याच जिल्ह्यातील जांब समर्थ हे समर्थ रामदासांचे जन्मगाव. तेथील राममंदिरातील प्राचीन मूर्ती ऑगस्ट २०२२ मध्ये चोरीस गेल्या तेव्हा सारा महाराष्ट्र हळहळला. पोलिसांनी तपास करून काही महिन्यांत मूर्ती हस्तगत केल्या, ही समाधानाची गोष्ट होय. परंतु जांबचे मंदिर सर्वांना ठाऊक होते. आपल्या गावच्या ओढ्याकाठची एखादी शिळा उद्या गेली, तर ती आपलीच होती हे आपण कशाच्या आधारे सांगणार? छायाचित्र नाही, माप नाही, नोंद नाही. फिर्याद देण्यासाठी वर्णनसुद्धा आपल्यापाशी नाही.

माझा स्वतःचा दोष

इतरांस उपदेश करण्यापूर्वी मी आपल्यापुढे एक कबुली देणे योग्य ठरेल. नोकरीच्या प्रारंभीच्या वर्षांत मी एका लहानशा गावी होतो. पावसाळ्यानंतर एक विद्यार्थी माझ्याकडे आला. त्याच्या हाती बोटभर उंचीची भाजक्या मातीची एक मूर्ती होती. कमरेपासून खालचा भाग तुटलेला होता, पण केशरचना आणि कानांतील कुंडले स्पष्ट होती. पांढरीच्या कडेला पावसाने ओघळ पडला होता, तेथे ती त्याला सापडली होती. मी वर्गात त्याचे कौतुक केले. मूर्ती एका पत्र्याच्या डब्यात कापसात ठेवली आणि तो डबा शाळेच्या कपाटात ठेवला. त्यानंतर आणखी मुलांनी मणी, बांगड्यांचे तुकडे, एक शिक्क्यासारखी वस्तू असे काही बाही आणले. तेही सारे त्या डब्यात गेले.

मी काय केले नाही ते आता सांगतो. कोणती वस्तू कोणाला, कोठे, केव्हा सापडली हे मी कागदावर लिहिले नाही. तहसील कार्यालयास किंवा पुरातत्त्व विभागास कळविले नाही. माझी बदली झाली तेव्हा पदभार देताना खडूफळ्यांची यादी दिली, डब्याचा उल्लेख केला नाही. पुढे त्या शाळेची जुनी इमारत पाडून नवी बांधली गेली. डबा कोठे गेला हे कोणालाही ठाऊक नाही.

पुष्कळ वर्षांनी एका लग्नसमारंभात तोच विद्यार्थी मला भेटला. तो आता संसारी गृहस्थ आणि ग्रामपंचायतीचा सदस्य झाला होता. पाया पडून त्याने पहिलाच प्रश्न विचारला, “सर, आपली ती बाई कुठं आहे?” माझ्यापाशी उत्तर नव्हते. त्या मुलाने आपले कर्तव्य केले होते. गावाने आपला ठेवा विश्वासाने शिक्षकाच्या हाती दिला होता आणि तो शिक्षकाच्या हातून गेला. शिक्षक बंधुभगिनींनो, आपल्या कपाटातही असा एखादा डबा असेल, तर आज घरी जाण्यापूर्वी तो उघडा आणि त्याची यादी करा, एवढीच माझी विनंती आहे.

तेर आणि पैठण

याच मराठवाड्यात माझ्यापेक्षा शहाणी माणसे होऊन गेली. धाराशिव जिल्ह्यातील तेर म्हणजे प्राचीन तगर. तेथे रामलिंगप्पा लामतुरे नावाचे गृहस्थ राहत. गावाच्या पांढरीतून, टेकाडांतून पावसाने उघड्या पडणाऱ्या वस्तू त्यांनी वर्षानुवर्षे गोळा केल्या. लोकांना ती निरुपयोगी खापरे वाटत. लामतुऱ्यांना त्यांत आपल्या गावाचा इतिहास दिसे. हजारो वस्तूंचा तो संग्रह पुढे शासनाच्या स्वाधीन झाला आणि आज तेर येथे त्यांच्याच नावाने शासकीय पुराणवस्तुसंग्रहालय उभे आहे. भोकरदन व पॉम्पेईच्या मूर्तींशी नाते सांगणारी एक हस्तिदंती मूर्ती त्या संग्रहात आहे आणि ती पाहण्यासाठी दूरदूरचे अभ्यासक तेरला येतात. पैठण येथेही बाळासाहेब पाटील यांनी असाच ध्यास घेतला आणि तेथील शासकीय संग्रहालयही त्यांचेच नाव सांगते.

या दोन उदाहरणांतून दोन गोष्टी शिकण्यासारख्या आहेत. पहिली ही की, वस्तू गावातच राहिली तर गावाची किंमत वाढते. दुसरी गोष्ट अशी की, एकट्या माणसाचा संग्रह कितीही मोठा असला, तरी त्याच्यामागे तो टिकविण्यास संस्था लागते. इतिहासाचार्य वि. का. राजवाडे यांनी गावोगाव पायपीट करून जुनी दप्तरे मिळविली आणि मराठ्यांच्या इतिहासाची साधने २२ खंडांत प्रसिद्ध केली. ३१ डिसेंबर १९२६ रोजी त्यांचा देहान्त झाला. त्यानंतर धुळेकरांनी त्यांच्या नावाने संशोधन मंडळ स्थापन केले, म्हणून ते कागद राहिले. अशी किती दप्तरे घराघरांतल्या माळ्यावर वाळवीने खाल्ली असतील, याचा हिशेब कोण देणार? आपल्या भागात तर मोडी कागदांबरोबर निजामी अमलातील उर्दू व फार्सी कागदही आहेत. वाचणारी माणसे दरवर्षी कमी होत आहेत.

वर्गणी आणि श्रम

कोणी म्हणेल, एखाद्या विद्वानाचे किंवा छांदिष्टाचे हे काम, गावाला ते कसे जमावे? त्यासाठी रायगडाचे उदाहरण पाहू. छत्रपती शिवाजी महाराजांच्या समाधीची दुरवस्था झाली होती. सन १८९५ मध्ये लोकमान्य टिळकांनी ‘केसरी’तून हा प्रश्न लोकांपुढे मांडला आणि समाधीच्या जीर्णोद्धारासाठी निधी सुरू केला. परकीय सत्तेच्या त्या काळात सर्वसामान्य माणसांनी आपापल्या ऐपतीप्रमाणे वर्गणी दिली. काम पूर्ण होण्यास पुढे बरीच वर्षे लागली, पण समाधी ही लोकांची जबाबदारी आहे हा विचार मात्र त्याच वर्षी रुजला.

योगायोग असा की, त्याच १८९५ साली इंग्लंडमध्ये नॅशनल ट्रस्ट ही संस्था तिघा व्यक्तींच्या पुढाकाराने स्थापन झाली. पुढील वर्षी तिने एक मोडकळीस आलेले जुने घर अवघ्या १० पौंडांस घेतले. आज तिच्याकडे शेकडो वास्तू आहेत आणि त्यांची देखभाल करण्यात हजारो स्वयंसेवकांचा हात आहे. त्याच्याही आधी, १८५३ साली, अमेरिकेत स्त्रियांनी एक मंडळ काढले आणि वर्गणी जमवून जॉर्ज वॉशिंग्टन यांचे पडझडीस आलेले घर विकत घेतले. ते मंडळ आजही त्या घराचा सांभाळ करते. आपल्याकडे महिला बचत गटांनी हिशेब चोख ठेवण्याची शिस्त खेड्यापाड्यांत नेली आहे. हे काम त्यांच्या आवाक्याबाहेरचे आहे असे मी मानीत नाही.

अगदी अलीकडचे उदाहरण हवे असेल, तर जुन्या बारवांचे घ्या. सन २०२० च्या सुमारास श्री. रोहन काळे यांनी सुरू केलेल्या महाराष्ट्र बारव मोहिमेने राज्यभरातील पायऱ्यांच्या विहिरींची नोंद व नकाशे करण्याचे काम हाती घेतले. ठिकठिकाणचे तरुण त्यात सामील झाले. परभणी जिल्ह्यातील सेलू तालुक्यात वालूर नावाचे गाव आहे. तेथील चक्राकार पायऱ्यांची बारव झुडपांनी व गाळाने भरली होती. ग्रामस्थांनी श्रमदान करून ती मोकळी केली. कचरा टाकण्याची जागा पुन्हा गावाचे भूषण झाली. महाशिवरात्रीस अशा बारवांवर दिवे लावण्याची प्रथा आता अनेक गावांत पडू लागली आहे. एकदा ज्या पायरीवर आपल्या घरच्या मुलीने पणती लावली, त्या पायरीवर पुन्हा उकिरडा टाकण्यास माणसाचा हात धजत नाही.

जतन म्हणजे रंगरंगोटी नव्हे

येथे एक इशारा देणे आवश्यक आहे. उत्साहाने केलेला जीर्णोद्धार कित्येकदा दुर्लक्षाहून अधिक हानी करतो. देवस्थानासाठी निधी येतो तो बहुधा सभामंडप, फरशी आणि पेव्हर ब्लॉक यांसाठी. भाविकांच्या सोयीसाठी या गोष्टी लागतात, हे मला मान्य आहे. परंतु जुन्या दगडी खांबांस तैलरंग फासणे, कोरीव शिळांवर चकचकीत फरशी बसविणे, चुन्याच्या सांध्यांत सिमेंट भरणे, हे सारे टाळावयास हवे. त्यामागे कारण आहे. जुने बांधकाम चुन्याचे असते. चुना आतील ओल हळूहळू बाहेर सोडतो. सिमेंट व तैलरंग ती ओल कोंडून धरतात. मग ओल दगडातून वाट काढते, क्षार फुलतात आणि दगडाचे पापुद्रे सुटू लागतात. पाचशे वर्षे उभ्या राहिलेल्या मूर्तीचा चेहरा एका पिढीत झिजतो.

आपल्याच तालुक्यातील अन्वा येथील बाराव्या शतकाच्या सुमाराचे मंदिर आपणांपैकी बहुतेकांनी पाहिले असेल. विष्णूची आयुधे धारण करणाऱ्या स्त्रीमूर्ती त्याच्या बाह्य भिंतींवर कोरलेल्या आहेत आणि मूर्तिशास्त्राच्या अभ्यासकांना त्यांचे मोठे महत्त्व वाटते. हातातील शंख, चक्र, गदा, पद्म यांच्या क्रमावरून मूर्ती ओळखली जाते. आता कल्पना करा, अशा हातावर रंगाचे दोन जाड थर चढले तर काय उरेल? मूर्ती राहील, तिचे नाव जाईल.

म्हणून सामान्य नियम असा ठेवावा : गावकऱ्यांनी स्वच्छता करावी, राखण करावी, पाण्याचा निचरा नीट ठेवावा, भिंतीत उगवणारी पिंपळ-वडाची रोपे कोवळी असतानाच काढावीत. डागडुजी, वज्रलेप, निखळलेले दगड पुन्हा बसविणे ही कामे जाणकारांच्या देखरेखीखाली व्हावीत. निखळलेला दगड हलविण्यापूर्वी तो कोठे व कसा पडला आहे याचे छायाचित्र घ्यावे. गावातील वृद्ध गवंडी, पाथरवट आणि वडार बांधव यांस अशा कामात मानाने बोलवावे. घाणीत चुना कसा मळावा, कोणता दगड कोणत्या अंगाने बसवावा हे ज्ञान त्यांच्या हातांत आहे. ते त्यांच्याबरोबर संपू देणे हीसुद्धा ठेव्याची हानीच होय.

संस्था कशी असावी

आता प्रत्यक्ष कामाकडे वळू. पिंपळगावसारख्या गावाने आपली ठेवा जतन संस्था काढावी असे मी सुचवितो. सन १८६० च्या संस्था नोंदणी अधिनियमाखाली ७ व्यक्ती एकत्र येऊन संस्था नोंदवू शकतात. महाराष्ट्रात अशी संस्था सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था म्हणूनही नोंदवावी लागते आणि दरवर्षी हिशेब तपासून घ्यावे लागतात. कार्यकारिणी बदलली की ९० दिवसांत धर्मादाय कार्यालयास कळवावे लागते. कित्येक गावांत संस्था निघतात आणि पहिल्या अध्यक्षाबरोबर मावळतात, त्याचे कारण बहुधा हे कागदच होत. वर्षानुवर्षे बदल नोंदविले जात नाहीत आणि मग कोण विश्वस्त यावरून वाद सुरू होतात.

संस्थेत कोण असावे? सर्वांचा वाटा असावा. प्रत्येक वस्तीतून एक प्रतिनिधी असावा. किमान निम्म्या स्त्रिया असाव्यात. शाळेचे दोन शिक्षक, बाजारातील एखादा व्यापारी, पुजारी किंवा गुरव, दर्ग्याचा मुजावर आणि किमान दोन तरुण असावेत. ठेवा म्हणजे केवळ देऊळ नव्हे. गढी, बारव, वेस, चावडी, दीपमाळ, मशीद, दर्गा, समाधी, विहार, जुनी शाळा, जुने कागद आणि त्यांच्याविषयी सांगितल्या जाणाऱ्या कथा हे सारे गावाचेच आहे. ज्या दिवशी जतनाचे काम एका आळीचे किंवा एका समाजाचे झाले असे दिसेल, त्या दिवशी बाकीचे गाव हात काढून घेईल आणि त्यांचा त्यात दोष असणार नाही.

संस्थेचे पहिले काम नोंदवहीचे. त्यासाठी एक साधी वही पुरे. प्रत्येक वास्तूला व शिळेला क्रमांक द्यावा. जागा, गट क्रमांक, लांबी-रुंदी-उंची, चारही बाजूंची छायाचित्रे, आजची स्थिती, वहिवाट कोणाची आणि वृद्ध मंडळी तिच्याविषयी काय सांगतात, एवढे लिहावे. एखादी गोष्ट दंतकथा असेल तर दंतकथा म्हणूनच लिहावी. इयत्ता आठवी-नववीची मुले शिक्षकांच्या मार्गदर्शनाखाली हे काम उत्तम करू शकतात. नोंदवहीची एक प्रत ग्रामपंचायतीत, एक शाळेत आणि एक तहसील कार्यालयात असावी. ती दरवर्षी ग्रामसभेत वाचून दाखवावी आणि क्रमांकाप्रमाणे वस्तू जागेवर आहेत किंवा नाहीत हे पडताळावे. मुख्याध्यापक बदलले की खडूफळ्यांबरोबर तिचाही पदभार दिला जावा.

दुसरे काम पाळीचे. नवरात्रात देवीच्या सेवेची पाळी आपण चुकवीत नाही. रेणुकाईचे नावच गावाने आपल्या नावापुढे लावले आहे. तशीच पाळी बारवेच्या स्वच्छतेची, शिळांच्या पाहणीची लावावी. महिन्यातून एक दिवस, एक वस्ती, एक तास. मोठ्या मोहिमेचे छायाचित्र छापून येते, परंतु वास्तू टिकते ती या एका तासाने. पैशाचा प्रश्न यानंतर येतो. नोंद आणि पाळी दोन वर्षे नीट चालली, तर ग्रामपंचायतीच्या विकास आराखड्यात तरतूद मागताना किंवा जिल्हा नियोजन समितीकडे जाताना आपल्या हाती पुरावा असेल. राज्य संरक्षित स्मारकांचे पालकत्व संस्थांना देण्यासाठी शासनाने २००७ साली ‘महाराष्ट्र वैभव’ ही योजना काढली. ज्या संस्थेने आपल्या गावाची वहीसुद्धा ठेवली नाही, तिच्या हाती स्मारक कोणी विश्वासाने देईल काय?

कायद्याची भीती नको

शेतकरी बंधूंच्या मनात एक भीती असते. शेतात काही सापडले आणि ते कळविले, तर सरकार शेत घेईल. त्यामुळे वस्तू पुन्हा गाडली जाते किंवा गुपचूप विकली जाते. ही भीती दूर करणे हे अधिकारी मंडळींचे काम आहे. सन १८७८ च्या निखात निधी अधिनियमाप्रमाणे जमिनीत दडलेली १० रुपयांहून अधिक किमतीची वस्तू सापडल्यास जिल्हाधिकाऱ्यांस कळविणे बंधनकारक आहे. त्याच कायद्याने सापडणाऱ्याचा व जमीनमालकाचा हक्कही विचारात घेतला आहे. दडवून ठेवणे हा मात्र गुन्हा ठरतो. तसेच एखादे स्मारक १९६० च्या राज्य अधिनियमाखाली संरक्षित झाले म्हणजे त्याची मालकी आपोआप शासनाकडे गेली असेही नव्हे. सन १९७२ च्या पुरावशेषांविषयीच्या कायद्याने जुन्या मूर्ती परदेशी नेण्यास मनाई केली आहे. आणि सन १९७६ च्या घटनादुरुस्तीने आपल्या संमिश्र संस्कृतीचा वारसा जतन करणे हे प्रत्येक नागरिकाचे मूलभूत कर्तव्य ठरविले आहे.

अधिकारी बंधूंना माझी विनंती एवढीच आहे की, कळविणाऱ्या शेतकऱ्यास कार्यालयात बसावयास खुर्ची द्या, त्याला पोच द्या आणि वस्तूचे पुढे काय झाले ते त्याला कळवा. एका शेतकऱ्यास पोच मिळाली, तर दहा शेतकरी पुढे येतील. एकास हेलपाटे पडले, तर सारा परिसर गप्प बसेल.

समारोप

मंडळी, सांचीच्या शिळेवर ज्याने आपले नाव कोरविले त्या भोगवर्धनच्या दात्याने किती पैसे दिले हे आज कोणालाही सांगता येणार नाही. परंतु त्याने वाटा उचलला याची नोंद राहिली, म्हणून दोन हजार वर्षांनंतर आपण त्याच्याविषयी बोलत आहोत. आपल्या नोंदवहीच्या पहिल्या पानावरही अशीच नावे लिहा. ज्या मुलास मणी सापडला त्याचे, ज्या आजीने बारवेची गोष्ट सांगितली तिचे, ज्या शेतकऱ्याने नांगर थांबवून शिळा बाजूला काढली त्याचे.

सरपंच साहेब, ही वही मी आज येताना सोबत आणली आहे. तिची पाने कोरी आहेत. पहिली ओळ गावाने आजच, ही सभा उठण्यापूर्वी लिहावी, अशी माझी प्रार्थना आहे. पुढे एखाद्या विद्यार्थ्याने विचारले की, सर, आपली ती वस्तू कोठे आहे, तर या गावच्या शिक्षकास माझ्यासारखी मान खाली घालावी लागू नये. पान उघडून, क्रमांक दाखवून, त्याला उत्तर देता यावे.